सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याच्या जुन्या नोंदी हव्यात. ‘इंडियन बर्ड्‌स’ हे फुतेहअलींच्या न्यूजलेटरचंच नवं नाव का?

नाही, दोन्ही वेगळी नियतकालिकं आहेत. जफर फुतेहअली यांनी १९६० मध्ये ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ सुरू केलं; सुरुवातीला ते सायक्लोस्टाइल पानांवर निघायचं. ‘इंडियन बर्ड्‌स’ २००४ मधलं, संस्थापक संपादक आशिष पिट्टी. पहिल्या वर्षी त्याचं नाव ‘न्यूजलेटर फॉर ऑर्निथॉलॉजिस्ट्स’ होतं, घोळ तिथेच होतो. म्हणजे सोलापूरचं माळढोक अभयारण्य झालं त्या १९७९ च्या आसपासच्या नोंदींसाठी ‘इंडियन बर्ड्‌स’ चाळत बसू नका. जुनं न्यूजलेटर आणि १८८६ पासूनचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) जर्नल पाहा. मात्र न्यूजलेटरमध्ये हौशी निरीक्षकांची टिपणं भरपूर (वाचायला मजा तिथेच!), तेव्हा माळढोकांचा आकडा उचलण्याआधी दुसरीकडे ताडून घ्या.