ठाण्यात नोकरी आहे. बदलापूर पश्चिमेला नदीजवळ तळमजल्याचा फ्लॅट स्वस्तात भाड्याने मिळतोय. घ्यावा का? पूर आलाच तर काय करायचं?

तळमजला असेल तर घेऊ नका. तीच बिल्डिंग, दुसरा मजला मिळत असेल तर खुशाल घ्या. आता कळव्यात राहतो, पण त्याआधी बरीच वर्षं बदलापूर पश्चिमेला काढलीत, त्यामुळे एवढं ठामपणे सांगतोय.

बाहेरून आलेल्या माणसाची एक चूक हमखास होते. तो आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतो. इथली उल्हास नदी येते राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून, कर्जत-नेरळ करत. तिकडे घाटात रात्रभर कोसळला की बदलापुरात पाऊस उघडलेला असतानाही पाणी चढतं. त्यामुळे बातम्यांत 'कर्जत' आणि 'माथेरान' हे शब्द ऐकायचे. नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची 17.50 मीटर. पावसाळ्यात हे आकडे सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. त्याच्याबरोबर 'बारवीचे दरवाजे उघडले, पळा' हेही फिरतं. बारवी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात हे खरं, पण ते पाणी उल्हासला मिळतं बदलापूरच्या खाली, जांभूळच्या बाजूला. त्याची खरी काळजी रायते, कल्याणकडच्या गावांनी करायची. भरतीचंही तसंच. ती कल्याण खाडीच्या बाजूला पाणी अडवून धरते, तुमच्याकडे नाही.

26 जुलै 2019 ची रात्र सांगतो. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, तीच. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. खालच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा रस्ता जवळजवळ कोरडा होता, पण त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येत होते. पुराचं पाणी दारातून येतं असं आपल्याला वाटतं. ते आधी गटारातून उलटं येतं, नहाणीतून, संडासातून. बुडबुडे दिसले की चर्चा करत बसू नका. मेन स्विच बंद करा (पाय ओले असतील किंवा बोर्डाशी पाणी असेल तर हात लावू नका), सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवा, कागदपत्रं आणि रोजची औषधं घेऊन वर जा. काकूंचा मुलगा फ्रिज उचलायला थांबला. फ्रिज गेलाच, तो मात्र छातीभर पाण्यातून कसाबसा वर आला. रिकामा सिलिंडर हॉलभर तरंगत होता.

गाडी काढायला खाली जाऊ नका. वाहतं पाणी घोट्याच्या जरा वर असलं तरी माणसाचा पाय सुटतो, फूटभर असेल तर छोटी कार सरकते. शिवाय उघडं गटार दिसत नाही. पाण्यात बुडालेली गाडी नंतर चालू करून बघायचा मोहही आवरा. इंजिनात पाणी असेल तर ते कायमचं जातं. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या.

अडकलातच तर 112, किंवा जिल्हा नियंत्रण कक्ष 1077. मोबाइल आदल्या रात्रीच फुल चार्ज असू द्या, कारण वीज महावितरण स्वतःच बंद करतं, आणि ते बरंच असतं.

पाणी ओसरल्यावर सोसायटीची जमिनीखालची टाकी उपसून धुतल्याशिवाय पंप लावू देऊ नका. पायाला जखम असताना त्या पाण्यातून चालला असाल तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी वेळेत घ्यावी लागते, पण मनाने घेऊ नका. आणि चिखल काढायच्या आधी फोटो. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत आपण घर लखलखीत करून बसतो, मग दाखवणार काय?

राहिला फ्लॅटचा प्रश्न. एजंट म्हणेल, 'इथे पाणी येत नाही.' हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूला असेल तर त्याला हसून मान डोलवा आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा, 2019 ला पाणी कुठवर होतं. तो दुकानाच्या भिंतीवर हात ठेवून दाखवेल. मग बिल्डिंगचे वीजमीटर बघा. ते त्या हाताच्या खाली असतील तर दुसरा मजलाही नको.