रोजच्या वापराला सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यावी की नवी लक्झरी सेडान?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला विजयनगरमध्ये फ्लॅट आहे, पार्किंग एकाच गाडीचं, घरात आई-वडील, आणि जीव मात्र दोन दरवाजांच्या गाडीवर जडलाय. म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे, फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. तर ऐका: एकच गाडी ठेवायची असेल तर सेडान. पण हे मी शहाणपणाने म्हणत नाहीये. मी स्वतः तीन वर्षं नेमकं उलटं करून बसलो होतो.

आम्ही रामबागेतले, कारखाना पीथमपूरला. २०१८ साली मी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटा, इंजिन सीटच्या पाठीशी, सात गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला राहून लोक कंपनीवरूनच भांडत बसतील. २०२१ मध्ये ती विकली आणि लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, डिझेल सेडान आणली. ती अजून आहे.

स्पोर्ट्स कार आणल्यावर पहिली सवय लागली ती ब्रेकर मोजायची. घरापासून राऊ सर्कलपर्यंत एकोणीस. ब्रेकर कसा असावा हे कागदावर ठरलेलं आहे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी आरामात ओलांडेल इतका पसरट. गल्लीतला ब्रेकर मात्र रातोरात उगवतो. उंची तेवढीच किंवा बोटभर जास्त, आणि रुंदी हातभर. स्वच्छतेत आपला पहिला नंबर २०१७ पासून सलग सात वेळा कोणी सोडवला नाही, ब्रेकरांची स्पर्धा ठेवली तर तोही आपलाच.

असा ब्रेकर आला की गाडी जवळजवळ थांबवायची आणि तिरकी घालायची. आधी डावं चाक चढवायचं, मग उजवं. बायको सीटवरून नकळत थोडी उचलली जायची, जणू तिने श्वास रोखला की गाडी बोटभर वर येईल. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत असायचा. एवढं करूनही कधीतरी खालून खर्रर्र व्हायचं आणि तो आवाज थेट पोटात जायचा. एकदा बंपरखालची पट्टीच तुटली. बाहेरून यायची म्हणून सात आठवडे थांबलो, तोवर गाडी काळ्या टेपवर फिरली. हल्ली काही महागड्या स्पोर्ट्स गाड्यांत बटण दाबलं की नाक चारेक सेंटीमीटर वर उचललं जातं. तुम्ही बघताय त्या गाडीत ते असेल तर जास्तीचे पैसे डोळे मिटून द्या.

बसायचं तर जवळजवळ जमिनीवर. सिग्नलला शेजारी ट्रक उभा राहिला की त्याच्या चाकाचे नट मोजता येतात. रात्री समोरच्याचा अप्पर थेट डोळ्यात. आणि रोज सकाळी पोह्यांच्या गाडीवर कोणीतरी येऊन विचारणारच, “भिया, एवरेज कितना देती है?” शहरात सहा-सात देते म्हटलं की तो इतक्या कळवळून बघायचा की माझ्या पोह्यांचे पैसे तोच देतोय की काय असं वाटायचं.

मग तीन वर्षं ठेवली कशाला? जाम घाटासाठी. महूवरून पुढे अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजाशी माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता वळणं घेत निमाडात उतरतो. रविवारी पहाटे पाचला निघायचो. इंजिन मधोमध असलं की गाडीचं वजन मध्याभोवती गोळा होतं. गिरकी घेताना हात अंगाशी घेतले की माणूस भर्रकन फिरतो, तसंच. स्टिअरिंग वळवेपर्यंत गाडी वळलेली असते. वळणावर वाळू सांडलेली असली तर ती डोळ्यांआधी तळव्यांना कळायची. ताशी साठलासुद्धा ही मजा होती, वेगाचा संबंध नाही. महेश्वरला घाटाच्या पायरीवर बसून चहा घ्यायचा आणि नवाच्या आत घरी. सेडान मी त्याच रस्त्याने अनेकदा नेली आहे. ती घाट उतरते, झकास उतरते, फक्त आपण घाट उतरलो हे मला खाली आल्यावर कळतं.

वेगाचं म्हणाल तर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारला जास्तीत जास्त मर्यादा एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरात ७०. माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच शंभर ओलांडायची. वरचे पाच गिअर पेट्रोल वाचवायला. गंमत म्हणजे पीथमपूरलाच नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती हायस्पीड ट्रॅक आहे, कारखान्यात जाता-येता मनात यायचंच. पण तो कंपन्यांच्या गाड्या तपासायला. आपली गाडी घेऊन गेटवर गेलात तर चौकीदार परतीचा रस्ता दाखवतो.

आता खर्च, थोडक्यात. तयार आयात झालेल्या महाग गाडीवर नुसतं सीमाशुल्कच कित्येक वर्षं गाडीच्या किमतीएवढं किंवा त्याहून जास्त बसत आलंय. मर्सिडीज चाकणला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईला आपल्या सेडान जोडतात, म्हणून तेवढ्याच पैशात सेडानमध्ये कितीतरी जास्त गाडी मिळते. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे-मागचे पुढे करून आयुष्य वाढवता येत नाही. माझे मागचे दोन १८ हजार किलोमीटरला संपले. स्टेपनी नाही, तिच्या जागी पंक्चर बुजवायचं द्रावण आणि छोटा कंप्रेसर. पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी झोपली, मग उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावून ठेवायला लागलो.

लांबच्या प्रवासाचा किस्सा सांगतो. बहीण पुण्याला असते, सहाशे किलोमीटर. एका दिवाळीला हौसेने स्पोर्ट्स कार काढली. पुढच्या छोट्या डिकीत कपडे, मागच्या डिकीत शेव आणि सराफ्यातली मावाबाटी. सेंधव्याचा बिजासन घाट मजेत गेला. धुळ्याला चहाला थांबलो, डिकी उघडली, तर मावाबाटीच्या डब्याला तूप सुटलेलं. मागची डिकी इंजिनाला चिकटून, ती दिवसभर कोमटच राहते. पुण्यात पोचल्यावर कंबर सरळ व्हायला पाच मिनिटं लागली आणि बहिणीने आधी डबा पाहिला, मग मला. सेडानने हाच प्रवास आता वर्षातून चारदा होतो. लांब व्हीलबेसमुळे खड्ड्यांचा हिसका कमी बसतो, टायरची भिंत जाड असल्याने उरलेला तिथे मुरतो. डिझेल इंदूरला भरलं की पुण्यापर्यंत बघायचं नाही.

लांब व्हीलबेसवरून आठवलं. आपले इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, रंग केशरी आणि काळा. सुपरचार्जर लावलेलं ६.९ लिटरचं इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांत जवळपास ३.९ मीटर अंतर, आणि ऐसपैस म्हणाव्यात अशा सीटा दोनच! मर्सिडीजच्या २०२४ च्या लांब ई-क्लासमध्ये हेच अंतर ३.०९४ मीटर, तीत पाच माणसं बसतात. महाराजांना पार्किंगही एकाच गाडीचं नव्हतं म्हणा.

मी गाडी विकली ती पैशापायी नाही. आईचे गुडघे. एकदा तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि दुसरी गाडी गॅरेजला होती. बसली ती कशीबशी, पण उतरताना मला दोन्ही हात धरून तिला विहिरीतून काढल्यासारखं वर ओढावं लागलं. ती हसत होती. मी त्याच आठवड्यात गिऱ्हाईक शोधायला लागलो. म्हणून तुम्हाला सांगतो, शोरूमला जाल तेव्हा वडिलांना घेऊन जा आणि मागच्या सीटवरून त्यांना स्वतःहून उठू द्या. काही सेडानही आजकाल इतक्या बसक्या आहेत की नावाला चार दरवाजे.

एवढं वाचूनही स्पोर्ट्स कारच घ्यायची ठरली, तर गाडी आधी लिफ्टवर चढवून पोट बघा; नाकाखालच्या ओरखड्यांवरून आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुने पण नक्षी नव्यासारखी असेल तर गाडी नुसती उभी होती, आणि उभी गाडी फिरत्या गाडीपेक्षा जास्त खर्चात पाडते. स्कॅनरही लावायला सांगा. काही गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं याची नोंद राहते, विकणारा ती आपणहून दाखवत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एका सकाळी स्कूटर काढून तुमच्या गेटपासून बायपासपर्यंत ब्रेकर मोजून या. आकडा मला कळवा, मग मॉडेलचं बोलू.