आईला दिवाणी दाव्याचं समन्स आलंय, वकिलाची फी परवडत नाही. मोफत वकील मिळतो का?

मिळतो. आणि तुमच्या आईच्या बाबतीत उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता हा हक्क आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. त्यांनी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा.

जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. अर्ज साधा, एका पानाचा. आमच्या मावशीने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला होता, तोही घेतला. सोबत आधारची झेरॉक्स आणि समन्स, दाव्याची प्रत, सातबारा असं जे असेल ते न्या. फोनवर विचारायचं असेल तर 15100.

वकिलाबरोबर कोर्ट फी, टायपिंग, नकलांचा खर्चही त्यात येतो. वकिलाला पैसे प्राधिकरण देतं, म्हणून त्याने तुमच्याकडे 'चहापाणी' मागितलं तर सरळ सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील पटला नाही तर बदलूनही मागता येतो. (फुकटचा वकील म्हणजे कच्चा, असं काही नसतं, आम्हाला मिळालेल्या बाई कसलेल्या होत्या.)

घाई मात्र करा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची असते, आणि वकील नेमून मिळेपर्यंत त्यातले बरेच दिवस सरतात. दरम्यान तारीख आली तर आईला हजर ठेवा, अर्जाची पोच दाखवून मुदत मागा.