ठाण्यात मे महिन्यात निवृत्त आईबाबांसाठी व्याख्यानं किंवा वर्ग कुठे शोधावेत?

मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) आणि जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ, या दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा. छोट्या कार्यक्रमांची माहिती बऱ्याचदा फलकावरच लागते. रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला जानेवारीत असते, ती उन्हाळ्यात शोधू नका. वर्गाची फी भरण्याआधी एक तास बसून बघू देतात का, बॅच रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे विचारा आणि लेखी घ्या. मेमध्ये बरेच जण गावी जातात आणि बॅच तिथेच मोडते. लिफ्ट, माईक, पाठ टेकायची खुर्ची हेही बघाच; आवडीचा विषयसुद्धा ऐकू न आल्याने सुटतो. फक्त दुपारी १२ ते ४ची वेळ असेल, तर मोफत असलं तरी त्या उन्हात पाठवू नका.