पहिला अंक काढतेयस, तर हे ऐक

विज्ञानकथेच्या चाहत्यांसाठी हौसेने काढतेयस त्या नियतकालिकाचा पहिला अंक सोळा पानांचाच कर. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानसंख्या चारच्या पटीतच ठेव. मी पहिल्यांदा अठरा पानांचा मजकूर जुळवला आणि अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्यासमोर उभं राहून दोन पानं कापली. कापली ती नेमकी वाचकांची पत्रं. अजून वाईट वाटतं.

कारण पत्रं म्हणजे अशा अंकाचा प्राण. १९३० साली अमेरिकेत ‘द कॉमेट’ हा चाहत्यांनीच काढलेला अंक निघाला तेव्हापासून विज्ञानकथेचे चाहते एकमेकांना अंक पाठवतात आणि पुष्कळदा पैशांऐवजी पत्र घेतात. तूही तेच माग. आलेलं पत्र छाप, खाली तुझं उत्तर दे, भांडण असलं तरी छाप.

कथा निवडताना लेखकाचं नाव झाकून वाच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. नावाशिवाय बक्षीस मिळालं, ते फक्त कथेचं.

आमच्या वेळी सायक्लोस्टाइल होतं, म्हणजे टाइप केलेल्या मेणाच्या स्टेन्सिलमधून शाई दाबून प्रती काढायचं यंत्र. टाइपरायटरची कळ जोरात बसली की मेणाच्या स्टेन्सिलला भोक पडायचं, मग तिथे लाल करेक्शन फ्लुइड लावून फुंकर मारत बसायचं. तुला तो त्रास नाही, पण शुद्धलेखन तितक्याच जिवाने तपास.

लांब दांड्याचा स्टेपलर माझ्याकडे आहे. रविवारी येऊन घेऊन जा.