बाबांच्या पार्किन्सनच्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा कशाला? आणि मळमळ, वळवळ हे त्याचेच दुष्परिणाम का?

पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, कमी पडतं, ते लेव्होडोपापासून तयार होतं. पण नुसतं लेव्होडोपा दिलं तर बरंचसं वाटेतच, म्हणजे आतड्यात आणि रक्तात, डोपामाइन बनून संपतं. मळमळ त्यानेच होते. कार्बिडोपा ही वाटेतली गळती थांबवतं. ते स्वतः मेंदूत शिरत नाही, म्हणून तिथलं काम बिघडत नाही.

दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. १०० अधिक १०च्या (१०० मिलिग्रॅम लेव्होडोपा, १० कार्बिडोपा) गोळ्या दिवसातून तीनच घेतल्या तर ते जेमतेम ३० भरतं. मळमळ टिकली असेल तर डॉक्टरांना १०० अधिक २५च्या गोळीबद्दल विचारा. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड मात्र घरच्या घरी देऊ नका, त्याने पार्किन्सन बळावतो.

हातापायांची वळवळ बहुधा काही वर्षांनी, गोळीचा जोर सर्वांत जास्त असताना दिसते. तेव्हा डोस लहान करून जास्त वेळा विभागतात, कधी वळवळ कमी करणारं अमांटाडीन जोडतात. लेव्होडोपाचा असर लांबवणारं एन्टाकॅपोन जोडलं आणि लघवी लालसर-तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग. प्रॅमिपेक्सोल (डोपामाइनसारखं काम करणारं औषध) असेल तर घरच्यांनी लक्ष ठेवा: जुगार, बेसुमार खरेदी असले नाद लागू शकतात आणि रुग्ण लाजून सांगत नाही.

गोळी जेवणाआधी अर्धा तास. डाळ, पनीर, अंड्यातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. आणि त्रास झाला म्हणून एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.