नद्या उजेडात बघ

प्रिय बेटा,

गुवाहाटीची नोकरी पक्की झाली, पेढे पोचले, फार बरं वाटलं. घरचे विमानाने जा म्हणताहेत, पण मी सांगतो, पहिल्यांदा तरी भुसावळवरून रेल्वेनेच जा. दोनेक दिवस मोडतील, मोडू दे.

तिकीट काढताना सगळे नुसतं कन्फर्म आहे का तेवढंच बघतात, तू अजून एक बघ, गाडी कोणती नदी किती वाजता ओलांडते. भुसावळ सुटलं की तापी, मग सावदा-रावेरच्या केळीबागा, ते तुला पाठच आहे. पुढे जबलपूरच्या अलीकडे नर्मदा लागते, तीही आपल्या तापीसारखी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाणारी. तिचा उगम अमरकंटकचा, आणि सोन नदीही तिथलीच, पण सोन दुसऱ्या दिशेने निघते ती पार बिहारात गंगेला मिळते, म्हणजे एकाच डोंगरावरून निघालेल्या दोघी तुला एकाच प्रवासात भेटतात! मला हे अजूनही भारी वाटतं. आरा-पाटणा मार्गाची गाडी असेल तर सोनवर कोईलवर गावाजवळचा पूल आहे, १८६२ चा, वर रेल्वे नि खाली रस्ता, आणि पात्रात पिवळी वाळूच वाळू. तिथे झोपू नको प्लीज.

ब्रह्मपुत्रेवर बांधलेला पहिला पूल गुवाहाटीजवळचा, सराईघाटचा, १९६२ चा, कोईलवरनंतर बरोबर शंभर वर्षांनी, आणि तिथे उलटं, वर रस्ता नि खालून गाडी. रंगियाकडून येणारी गाडी त्यावरून जाते. पण तिकडे सूर्य लवकर मावळतो, डिसेंबरात साडेचारलाच, घड्याळ मात्र आपलंच. त्यात थंडीत बिहार-यूपीत धुकं, गाड्या लेट होतातच, म्हणून संध्याकाळी पोचणारी घेऊच नको, सकाळची बघ.

साइड लोअर मिळाली तर सोडू नको, पाय आखडतात पण खिडकी आपली. पुलावर दारात उभं राहायचं नाही, मोबाईल बाहेर काढून तर अजिबात नाही, लोखंडी खांब अगदी अंगाशी येतात. लोक नदीला हात जोडतील, तूही जोड, पण बाटल्या-पुड्या खाली टाकू नको. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घे, भरीत नको, ते टिकत नाही.

बुकिंगच्या आधी दोन-तीन गाड्यांची वेळापत्रकं मला पाठव, आपण फोनवर बसून बघू.